कोल्हा कुठे न्यायचा ते नंतर बघू, आधी ते पन्नास मीटर कुठे गेले ते सांगा

खारघरच्या ग्रुपांवर पुन्हा एकदा कोल्ह्याचा व्हिडिओ फिरतोय. रात्रीची वेळ, रिकामा रस्ता, गाडीच्या उजेडात एक हडकुळं जनावर थबकतं, मागे वळून बघतं आणि डिव्हायडर ओलांडून पळतं. गाडीतून कुणीतरी ओरडतंय, "फॉक्स, फॉक्स! अरे काढ व्हिडिओ!" खाली कमेंटचा पाऊस. 'पिंजरा लावा.' 'वनखातं झोपलंय का?' 'आमची लेकरं खाली खेळतात.' 'जंगलात सोडून या.' आणि अर्थातच, 'सो क्यूट'.

आधी एक साधी गोष्ट. तो फॉक्स नाही. फॉक्स म्हणजे खोकड, आकाराने लहान, मोकळ्या माळावर राहणारं. आपल्या खाडीत आहे तो कोल्हा, इंग्रजीत जॅकल. ज्याला हाकलायचं म्हणून अर्ज करताय, त्याचं नाव तरी नीट लिहा.

दुसरी गोष्ट जरा लांबीची आहे, म्हणून ही पोस्ट. बहुतेक लोक दोनपैकी एका बाजूला आहेत. एक म्हणतात, कोल्हा धोकादायक आहे, हलवा. दुसरे म्हणतात, खारफुटी तोडली म्हणून तो बाहेर आला, खारफुटी वाचवा. दुसऱ्या बाजूच्या लोकांशी माझं भांडण नाही, पण त्यांचंही अर्धंच बरोबर आहे. उद्या खारघरची, तळोजा खाडीची, पनवेल खाडीची एक फांदीही कुणी तोडली नाही, तरी कोल्हा जाईल. नकाशावर सगळं हिरवं दिसत असेल आणि आत कोल्हा नसेल. का ते सांगतो.

खारफुटी म्हणजे जंगल खरं, पण दिवसातून दोन वेळा पाण्याखाली जाणारं जंगल. भरती आली की तिवरांच्या मुळांत पाणी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारूच नका. कोल्हा तिथे जेवायला जातो. ओहोटीला चिंबोऱ्या, निवट्या, अडकलेले मासे, बांधावरचे उंदीर, मेलेलं काहीबाही, आणि हंगामात बोरं-जांभळंसुद्धा. पण तो तिथे झोपू शकत नाही, आणि पिल्लं तर अजिबात घालू शकत नाही. पाण्यात बीळ कोण खोदेल? त्याला लागते खारफुटीच्या कडेची कोरडी, उंच, झुडपी जमीन. जुन्या खारबंदिस्तीचे बांध, पडीक खाजणाचा उंचवटा, बोरी-बाभळींची जाळी. नर-मादीची जोडी सहसा टिकून राहते, कधी आदल्या वर्षीची पिल्लं धाकट्यांना सांभाळायला मदत करतात. म्हणजे त्याला हवं असतं जेवणघर आणि राहतं घर, दोन्ही एकमेकांना लागून.

खारफुटी हे त्याचं जेवणघर. राहतं घर ती कडेची पट्टी. आणि नवी मुंबईत जी जमीन सर्वात आधी, सर्वात गुपचूप आणि सर्वात बिनबोभाट गिळली जाते, ती नेमकी हीच पट्टी.

ही पट्टी बेवारस आहे असं कुणाला वाटत असेल तर वाटू देऊ नका. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातली खारफुटीची तोड थांबवली, तेव्हाच सांगितलं होतं की खारफुटीच्या सगळ्या बाजूंनी पन्नास मीटरच्या आत बांधकाम चालणार नाही. राडारोडा आणि कचरा टाकण्यावरही तेव्हाच बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं: खारफुटी नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर, घटनेच्या एकविसाव्या कलमावर घाला आहे. सरकारी जमिनीवरची कांदळवनं वनखात्याच्या ताब्यात द्या, असंही तेव्हा बजावलं. त्याला वर्षं उलटली, हस्तांतर अजून पुरतं संपलेलं नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातोय, आणि डंपर मात्र थेट खाडीकडे जातोय.

हे डंपर कसे चालतात ते या भागात राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. रात्री साडेबारानंतर येतात. नंबर प्लेटवर चिखल. राडारोडा खारफुटीत टाकत नाहीत, तेवढे ते हुशार आहेत. कडेला टाकतात. एक पावसाळा गेला की त्यावर गवत येतं. मग कुणीतरी सपाट करतं. मग पत्र्याची शेड. मग गाड्या लागतात. मग नर्सरी, टर्फ, गॅरेज, नाहीतर एखादं छोटंसं देऊळ, म्हणजे हात लावायची सोय नाही. पाच वर्षांनी जागेवर जाऊन बघा, खारफुटी आहे तशीच आहे, एकही झाड तुटलेलं नाही, गुन्हा दाखल करायला जागाच नाही. फक्त ते पन्नास मीटर गेलेत.

मी स्वतः अशा एका ठिकाणाबद्दल एका कार्यालयात फोन केला होता. त्यांनी विचारलं, "झाडं तोडली का?" म्हटलं, नाही. "मग?" म्हणाले. एवढंच. त्या 'मग?' मध्ये सगळं आलं.

आता आपल्याकडची गंमत बघा. नवी मुंबई महापालिका शहराला अभिमानाने 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवते. उड्डाणपुलाखाली गुलाबी पक्षी रंगवलेत, चौकात पुतळे आहेत. चांगलं आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, तोही भांडून मिळवण्यासारखाच होता. पण त्याच फ्लेमिंगोंनी भरतीच्या वेळी जिथे उभं राहायचं, त्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा टिकवायला लोकांना रस्त्यावर आणि कोर्टात उतरावं लागलं. तिथल्या गोल्फ कोर्सची आणि इमारतींची परवानगी नोव्हेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, ती नागरिकांनी याचिका केली म्हणून. जो पक्षी भिंतीवर आहे त्याची ही गत, तर कोल्ह्याला कोण विचारतो? कोल्ह्याचा पुतळा कुणी उभारत नाही. त्याच्यासोबत सेल्फी कुणी काढत नाही.

त्यात आपल्या भाषेनेही त्याला कधी धड वागवलं नाही. गोष्टीत तो लबाड, म्हणीत तो काकडीला राजी, आणि विरोधकांचं बोलणं उडवून लावायचं असलं की प्रत्येक पुढारी म्हणतो, 'ही कोल्हेकुई'. खरी कोल्हेकुई म्हणजे काय, तर संध्याकाळ झाली की जोडीने आणि कुटुंबाने दिलेली हाक: आम्ही इथे आहोत, ही जागा आमची आहे. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, ही हाक त्यांच्या लहानपणी रोजची होती. त्यासाठी कुणी पिंजरे मागवले नव्हते. या गावांची जमीन १९७० नंतर सिडकोने शहरासाठी घेतली. त्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला. ज्या शहराच्या पायाखाली हा इतिहास आहे, त्या शहराने तरी 'आधी इथे कोण होतं' हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

पंचतंत्रातला कोल्हा रंगाऱ्याच्या पिंपात पडून निळा झाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच तळोज्यात भटकी कुत्री खरोखर निळी झाली होती, आठवतंय? कारखान्याच्या रंगाने. जगभर फोटो गेले. शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारवाई करावी लागली. त्याच परिसरातली कासाडी नदी तळोजा खाडीला मिळते, आणि त्याच खाडीतल्या चिंबोऱ्या कोल्हा खातो. गोष्टीतल्या कोल्ह्याने निदान रंगाच्या जोरावर चार दिवस राज्य तरी केलं.

आता भीतीबद्दल. मी ही भीती खोटी म्हणणार नाही. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बेच्या पट्ट्यात मेलेल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज निघाला, हे खरं आहे. रेबीज हा चेष्टेचा विषय नाही. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, असंच समजून चालायचं. म्हणून हे नीट वाचा आणि घरच्यांना सांगा. धडधाकट कोल्हा माणसाला बघून पळतो. व्हिडिओतला पळतोय, म्हणजे तो ठीक आहे. भरदिवसा झोकांड्या खात येणारा, न घाबरता अंगावर धावून येणारा, तोंडातून लाळ गळणारा कोल्हा दिसला तर लांब व्हा, मुलांना आत घ्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. काठी घेऊन हिरोगिरी करू नका. कोणतंही जनावर चावलं, ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. हळद, चुना, मिरची काही नाही.

पण मग पुढचा प्रश्नही विचारा ना. कोल्ह्याला रेबीज येतो कुठून? आपल्याकडे या रोगाचा मुख्य साठा भटक्या कुत्र्यांत आहे. आणि कुत्र्यांच्या झुंडी खाडीच्या कडेला कशाने जमतात? आपण टाकलेल्या चिकनच्या दुकानांच्या कचऱ्याने, हॉटेलच्या खरकट्याने, आणि पुण्य मिळवायला खाडीच्या तोंडाशी बिस्किटं-भात ओतणाऱ्या दयाळू लोकांनी. त्याच पन्नास मीटरच्या पट्टीत. कुत्री कोल्ह्यांना पळवतात, पिल्लं मारतात, रोग देतात. आणि तोच कचरा उद्या कोल्ह्यालाही रस्त्याकडे खेचतो. म्हणजे त्याचं घर आपण बुजवलं, दारात रोग आणून बसवला, समोर खरकट्याचं ताट मांडलं, आणि तो ताटाशी आला की आपण ओरडतो, 'आला, आला!'

हे आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेत ग्रिझली नावाचं प्रचंड अस्वल आहे. अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत ती एकेकाळी सुमारे पन्नास हजार होती असा अंदाज आहे. गोळ्या, विष, सापळे आणि शेती-वस्तीने १९७५ पर्यंत हजाराच्याही आत आली, तेव्हा कुठे कायद्याचं संरक्षण मिळालं. त्यांच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कित्येक वर्षं कचऱ्याच्या ढिगावर अस्वलं जेवायची आणि लोक ते बघायला जायचे. १९७० च्या सुमारास ते ढिगारे एकदम बंद केले. सवय लागलेली अस्वलं माणसांच्या तंबूंकडे आली आणि त्यांतली कित्येक मारली गेली. तेव्हापासून तिथे अस्वलाला न उघडता येणाऱ्या कचराकुंड्या आल्या, खाऊ घालणाऱ्याला दंड आला, आणि आज संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली आहे. म्हणजे पाच-सात फुटी अस्वलासोबत राहायचं कसं याचं उत्तर बऱ्याच अंशी कचराकुंडीच्या झाकणात निघालं. आपला कोल्हा दहा किलोच्या आसपासचा.

आणि त्याच अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या झेंड्यावर ग्रिझली आहे. १९११ मध्ये तो झेंडा अधिकृत झाला. पुढच्या पंधरा वर्षांत त्या राज्यातली शेवटची ग्रिझली संपली. झेंडा अजून फडकतोय. आपल्या भिंतीवरचे फ्लेमिंगो बघताना मला तो झेंडा आठवतो.

आता 'जंगलात सोडून या' वाल्यांसाठी. कोणत्या जंगलात? कर्नाळ्यात? तिथे आधीच कुणी राहत असेल. हद्द असलेल्या जनावराला परक्या जागी सोडलं की ते एकतर तिथल्यांकडून मार खातं, नाहीतर घराकडे परत निघतं, हायवे ओलांडत. हा प्रयोग महाराष्ट्राने बिबट्यांवर करून झालाय. २००१ नंतर जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडले आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ते २०११ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. शिवाय रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. एक कोल्हा नेला की शेजारचा येतो, किंवा कुत्री आणि उंदीर येतात. उंदीर वाढले की पावसाळ्यात लेप्टोची भीती कुणाला, हे सांगायला नको.

कायद्याचंही ऐकून ठेवा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मारला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. 'गोळ्या घाला' लिहिणाऱ्यांनी जरा जपून.

"म्हणजे रस्ते बांधायचेच नाहीत का?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. बांधा. मीही रोज ट्रॅफिकमध्ये बसतो, मलाही घरी लवकर पोचायचंय. खारघर ते नेरूळ कोस्टल रोडचा सिडकोचा प्रकल्प आहे, तो खाडीच्या कडेने, काही ठिकाणी खारफुटीतूनच जातो. या रस्त्याची चर्चा होते तेव्हा विचारलं जातं, झाडं किती जाणार आणि बदल्यात किती लावणार. मला दुसरंच विचारायचंय. रस्त्याच्या एका बाजूला जेवणघर आणि दुसऱ्या बाजूला राहतं घर राहिलं, तर रात्री मधून जायचं कसं? खांबांवरून जाणार की भराव घालून? भराव असेल तिथे खालून जायला मोऱ्या किती, कुठे, किती रुंद? खाडीच्या बाजूला दिवे किती प्रखर? बदली झाडं दुसऱ्या जिल्ह्यात लावून या खाडीचा बांध परत येत नाही. कोल्हा काही सातबारा घेऊन तिकडे राहायला जाणार नाही. कांदळवन प्रतिष्ठान आणि डब्ल्यूसीएस-इंडिया यांनी मुंबई महानगरातल्या कोल्ह्यांचा अभ्यास हाती घेतला आहे. तो अभ्यास आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर पोचणार आहे की नाही, एवढंच सांगा.

तर मागण्या. मोठ्या नाहीत.

१. खाडीच्या कडेची पन्नास मीटरची रेषा जमिनीवर आखा. नकाशावर नको, जमिनीवर. दर शंभर मीटरला दगड रोवा, त्यावर रंगाने लिहा. रेष दिसली की डंपरवाल्याला आणि साहेबालाही 'झाडं तोडली का?' विचारायची पळवाट राहत नाही.

२. त्या रेषेच्या आत टाकलेला भराव टाकणाऱ्याच्या खर्चाने उचला. गाडी जप्त करा. रात्री एक चौकी आणि एक कॅमेरा, प्रत्येक उतारावर.

३. खाडीच्या कडेच्या सोसायट्या, हॉटेलं, चिकन-मटणाची दुकानं यांना झाकणाच्या कुंड्या सक्तीच्या करा. पनवेल महापालिकेने कचरा संध्याकाळच्या आत उचलावा. खाडीच्या तोंडाशी कुत्र्यांना खायला घालणं बंद. प्रेम असेल तर आपल्या गेटशी घाला, आणि त्यांची नसबंदी-लस करून घ्या.

४. खाडीलगतच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांचं रेबीज लसीकरण आधी करा. माणूस, कुत्रा आणि कोल्हा, तिघांनाही त्याचा उपयोग आहे.

५. उरलेली कांदळवनं वनखात्याला द्या. तारीख सांगून द्या.

आणि आपल्यासाठी एकच. व्हिडिओ काढताना गाडी त्याच्या मागे पळवू नका, हेडलाइट त्याच्या डोळ्यांत मारू नका, आणि पोस्ट करताना नेमका सेक्टर-प्लॉट टाकू नका. रील बघून दुसऱ्या रात्री पंधरा गाड्या तिथे उभ्या राहतात, हे मी पाहिलंय.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार सोसायटीत येतील. पार्किंग, पाणी, मालमत्ता कर, सगळं विचारा, विचारायलाच हवं. त्यात एक वाक्य वाढवा: आमच्या मागच्या खाडीचे पन्नास मीटर कुठे आहेत, चला, आत्ता चालत दाखवा. बूट चिखलात घालायला कोण तयार होतो ते बघा, आणि मग मत द्या.

शेअर करा, कॉपी करा, माझं नाव काढून टाका, हरकत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'पिंजरा लावा' लिहिलं की त्याखाली चिकटवा.

#खारघर #नवीमुंबई #कोल्हा #पन्नासमीटर